उत्पत्ती, विज्ञान आणि उत्खनन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बायबल क्लासला येणाऱ्यांचे आहेत, अकरावी-बारावीच्या मुलांचे आहेत, त्यांच्या आईवडिलांचे आहेत आणि काही पाळकांचेही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली. मी उत्पत्ती हे बायबलचे पहिले पुस्तक देवाचे वचन मानतो. खडक, तारे आणि मातीच्या पाट्या हीसुद्धा त्याच देवाच्या जगातली साक्ष आहे असे मानतो. त्यामुळे दोन्हीपैकी एकाकडेही डोळेझाक करून उत्तर द्यायचे नाही, एवढे पथ्य पाळले आहे.

१. उत्पत्ती ‘शब्दशः’ वाचायची म्हणजे नक्की काय करायचे?

लिहिणाऱ्याला जे सांगायचे आहे ते घ्यायचे. आपल्या सोयीचे घ्यायचे नाही. मरणाच्या वेळी याकोब यहूदाला सिंहाचा छावा म्हणतो (उत्पत्ती ४९:९; पुढेही नुसते आकडे असतील तिथे उत्पत्तीचाच अध्याय आणि वचन समजा). तिथे कोणी शेपूट शोधत नाही. उलट अब्राहाम मकपेलाची गुहा विकत घेतो तो तेविसावा अध्याय वाचा. चारशे शेकेल रुपे तोलून दिले, शेत कोणाचे, कशासमोर आहे, हद्दीतली झाडे, साक्षीदार कोण, सगळे नोंदले आहे. आपल्याकडच्या खरेदीखतासारखाच मजकूर. तिथे रूपक शोधत बसणे म्हणजे मजकुराचा अपमान. एकाच पुस्तकात आशीर्वादाची कविता आहे, वंशावळ आहे, खरेदीखतही आहे. प्रत्येकाला त्याच्या प्रकाराप्रमाणे वाचणे यालाच मी शब्दशः वाचणे म्हणतो.

२. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच सहा दिवस का?

इथे विश्वासू ख्रिस्ती लोकांमध्ये फार जुना मतभेद आहे. डार्विनच्या कितीतरी आधीचा, म्हणून तो ‘विज्ञानाला घाबरून काढलेला’ नाही.

चोवीस तासांच्या बाजूने दोन भक्कम मुद्दे आहेत. एक, ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ हे शब्द. दुसरा, निर्गम २०:११. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विसावा, हा शब्बाथाचा नियम याच आठवड्यावर उभा आहे. चौथ्या शतकातला बिशप बासिल आणि सोळाव्या शतकातला धर्मसुधारक लूथर हे दोघेही साधे दिवसच मानत.

दुसऱ्या बाजूचे मुद्देही मजकुरातलेच आहेत. सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ कशाने झाली? तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने हाच प्रश्न विचारला होता. दिवसासाठी असलेला ‘योम’ हा हिब्रू शब्द २:४ मध्ये निर्मितीच्या सगळ्या काळासाठी वापरला आहे. सातव्या दिवसाला संध्याकाळ-सकाळ नाही. प्राचीन चर्चमधला मोठा शिक्षक ऑगस्टीन याने आयुष्यभर उत्पत्तीवर पुन्हा पुन्हा लिहिले. हे दिवस कोणत्या प्रकारचे होते हे सांगणे फार कठीण आहे, असेच तो म्हणत राहिला.

माझे मत असे: हे दिवस देवाच्या कामाचा आठवडा म्हणून मांडले आहेत. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात (उजेड-अंधार, आकाश-पाणी, जमीन) आणि पुढच्या तीन दिवसांत त्या भरल्या जातात (ज्योती, पक्षी-मासे, पशू-माणूस). ही रचना समजायला घड्याळ लागत नाही. पण जो चोवीस तास मानतो तो माझा भाऊच आहे. फक्त ‘प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा’ हे पेत्राचे वचन घेऊन सहा हजार वर्षांचा गुणाकार करू नका. पेत्र तिथे देवाच्या सहनशीलतेबद्दल बोलतो आहे.

३. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे हे बायबलमध्ये कुठे लिहिले आहे?

कुठेच नाही. तो आकडा बेरजेने आला. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली वंशावळींतली वये जुळवून निर्मितीचे साल इ.स.पू. ४००४ ठरवले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे साल इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले, आणि समासातले लोकांना वचनाइतकेच पक्के वाटू लागले.

अशर मोठे विद्वान होते, त्यांची मेहनत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अडचण बेरजेच्या मुळाशी आहे. शेथ झाला तेव्हा आदाम १३० वर्षांचा होता असे हिब्रू पाठ सांगतो, प्राचीन ग्रीक भाषांतर २३० सांगते. निर्मितीपासून जलप्रलयापर्यंत हिब्रूत १६५६ वर्षे होतात, ग्रीकमध्ये २२४२ आणि शोमरोनी पाठात १३०७. आपले मराठी बायबल हिब्रूप्रमाणे आहे. शिवाय वंशावळीत पिढ्या गाळण्याची पद्धत होती. मत्तय १:८ मध्ये योरामानंतर एकदम उज्जीया येतो, मधले तीन राजे नाहीत. कोणाची वंशरेषा कुठून आली हे सांगण्यासाठी त्या याद्या लिहिल्या होत्या.

४. शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय कसे काढतात? कार्बन डेटिंग तर चुकते म्हणतात.

पृथ्वीचे वय कार्बनने काढतच नाहीत. कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही. तो लाकूड, हाड, कापड, धान्य यांच्यासाठी आहे. खडकांसाठी युरेनियमपासून शिसे होण्याची संथ प्रक्रिया वापरतात. क्लेअर पॅटरसन यांनी अशाच पद्धतीने उल्का तपासून १९५६ साली ४५५ कोटी वर्षे हा आकडा प्रसिद्ध केला. आज ४५४ कोटी धरतात. सत्तर वर्षांत उपकरणे कुठल्या कुठे गेली आणि आकडा जवळजवळ तिथेच राहिला.

‘जिवंत शिंपल्याचे वय हजारो वर्षे निघाले’ हे उदाहरण पत्रकांत नेहमी असते. ते खरेही आहे. पण कारण माहीत आहे: चुनखडीच्या पाण्यात राहणारा शिंपला त्या जुन्या दगडातला कार्बन अंगात घेतो. म्हणून असे नमुने वेगळ्या हिशेबाने तपासतात. अर्धे उदाहरण सांगून उरलेले अर्धे लपवणे आपल्याला शोभत नाही.

५. हे सगळे खडकाचे थर नोहाच्या पुरात वर्षभरात साचले असतील ना?

हा प्रश्न महाराष्ट्रात राहणाऱ्याने पुस्तकात शोधू नये, घाटात गाडी थांबवून पाहावा. सह्याद्रीच्या कापलेल्या कड्यावर काळ्या दगडाचे आडवे थर दिसतात. हा प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोंढा. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी विटकरी-तांबडा मऊ पट्टा दिसतो. नखाने खरवडला तर भुगा बोटाला लागतो. लाव्हा थंड झाला, वरचा भाग आणि त्यावर पडलेली राख ऊन-पावसात कुजून मातीसारखी झाली, मग पुढचा तापलेला लोंढा त्यावर आला आणि ती माती भाजली गेली. असे एकावर एक, कळसूबाईच्या माथ्यापर्यंत.

पाण्याखाली ओतलेला लाव्हा उशांसारख्या गोळ्यांत थिजतो. सह्याद्रीतले लोंढे बहुतांशी उघड्या हवेत थिजलेले आहेत, आणि मधली माती कुजायला काळ लागतो. एका वर्षाच्या महापुरात हे बसत नाही. या लाव्हाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे येते. उत्पत्तीत सह्याद्रीचा इतिहास दिलेला नाही, म्हणून हे मान्य करताना मला वचनातला एकही शब्द सोडावा लागत नाही. प्रलयाबद्दल प्रश्न १० पाहा.

६. देवाने आदाम प्रौढच निर्माण केला. तशी पृथ्वीही जुनी दिसेल अशीच केली असेल तर?

१८५७ साली फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने हेच मांडले. तो मनापासून विश्वासणारा होता. तरीही त्याच्या काळच्या ख्रिस्ती वाचकांनासुद्धा ते पटले नाही. का, ते एका उदाहरणाने सांगतो. फेब्रुवारी १९८७ मध्ये दक्षिण आकाशात एक तारा फुटताना दिसला. तो सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. विश्व सहा हजार वर्षांचे असेल तर तो उजेड वाटेतच निर्माण केलेला ठरतो. मग जो स्फोट आपण पाहिला तो कधी झालाच नाही! ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ असे स्तोत्र १९ म्हणते. ते आकाश न घडलेल्या गोष्टी सांगेल असे मला मानता येत नाही.

७. बिग बँग मानणे म्हणजे देवाला नाकारणे नाही का?

विश्वाला सुरुवात आहे ही कल्पना भौतिकशास्त्रात आणणारे जॉर्ज लेमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. वसईच्या एका वाचकाने हे त्यांच्या फादरना सांगितले तेव्हा त्यांना आधीच माहीत होते, याचा मला फार आनंद झाला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा लेमेत्र खूश झाले नाहीत. त्यांचे म्हणणे होते की आजच्या सिद्धांतावर विश्वासाची इमारत बांधू नये. ‘प्रारंभी देवाने’ हे शब्द दुर्बिणीच्या आधी खरे होते.

८. उत्क्रांती खरी असेल तर आदाम आणि हव्वा कुठे बसतात?

हा या यादीतला सर्वांत अवघड प्रश्न. वयाचा वाद सोडला तर पृथ्वी जुनी मानून तारणाच्या शिकवणीला धक्का लागत नाही. आदाम मात्र रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्ताच्या समोर उभा आहे.

आधी विज्ञानाची बाजू सरळ सांगतो. मानव आणि इतर प्राणी यांचे पूर्वज समान असल्याचे पुरावे जनुकांत भरपूर आहेत, आणि आजच्या माणसांतली विविधता पाहता अलीकडच्या काही हजार वर्षांत मानवजात फक्त दोघांवर आली होती असे दिसत नाही. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प चालवलेले शास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स स्वतः ख्रिस्ती आहेत आणि हे उघडपणे सांगतात.

मग विश्वासणारे काय म्हणतात? काही जण उत्क्रांती मानवाच्या बाबतीत मान्य करत नाहीत. कॅथलिक चर्चने १९५० च्या परिपत्रकात शरीराच्या उगमावर संशोधनाला मोकळीक दिली, पण आत्मा देवच निर्माण करतो यावर ठाम राहिले. तिसरे मत असे की आदाम खरा माणूस होता, देवाने त्याला निवडले, त्याच्याशी बोलला, आज्ञा दिली, आणि सगळ्यांच्या वतीने उभा असलेला तो पडला. मी या तिसऱ्याकडे झुकतो. हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे माणूस आणि ‘अदामा’ म्हणजे माती, तरी उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात त्याला वय, मुलगा आणि मृत्यू आहे. या दोन्ही गोष्टी मला धरून ठेवायच्या आहेत. पाप खरे आहे हे सिद्ध करायला मला जनुक लागत नाहीत, रोजचे वर्तमानपत्र पुरते.

९. काइनाला बायको कुठून मिळाली? आणि मथुशलह खरेच ९६९ वर्षे जगला?

पारंपरिक उत्तर ५:४ मध्ये आहे: आदामाला आणखी मुलगे व मुली झाल्या. प्रश्न ८ मधले तिसरे मत धरले तर उत्तर आणखी सोपे होते. ‘जो कोणी मला पाहील तो मला ठार करील’ ही काइनाची भीती आणि त्याने बांधलेले नगर, दोन्हींना आजूबाजूला माणसे लागतात.

मथुशलहाच्या वयाबद्दल: सुमेर या प्राचीन देशाच्या (आजच्या दक्षिण इराकमधल्या) राजांच्या यादीत प्रलयाआधीचे राजे हजारो वर्षे राज्य करतात. त्या शेजारात उत्पत्तीचे आकडे फार संयमी आहेत. एकही माणूस हजार पुरे करत नाही. प्रत्येकाच्या शेवटी तेच शब्द आहेत: ‘तो मरण पावला’. अपवाद फक्त हनोखाचा. देवाने त्याला नेले. अध्यायाचा जोर कुठे आहे ते या अपवादावरून कळते.

१०. जलप्रलय संपूर्ण पृथ्वीवर झाला की एका प्रदेशात?

संपूर्ण पृथ्वीवर पाणी चढल्याचा भूगर्भातला पुरावा नाही. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या गाभ्यात सुमारे आठ लाख वर्षांचा सलग हिशेब आहे, तो कुठे तुटलेला नाही.

आता मजकूर बारकाईने वाचा. ८:५ मध्ये पर्वतांची शिखरे दिसू लागली. चारच वचने पुढे, ८:९ मध्ये, कबुतराला पाय टेकायला जागा नाही कारण ‘सर्व पृथ्वीवर’ पाणी आहे. शिखरे दिसत असताना सर्व पृथ्वीवर पाणी कसे? कारण ‘एरेत्स’ हा हिब्रू शब्द पृथ्वीसाठी आहे तसाच भूमीसाठी, देशासाठीही आहे. योसेफाच्या काळी ‘सर्व पृथ्वी’ मिसरात धान्य घ्यायला आली (४१:५७). तिथे कोकणातून कोणी गेले होते असे आपण समजत नाही. नोहाच्या डोळ्यांपुढची सगळी भूमी बुडाली, हे वाचन मला मजकुराशी प्रामाणिक वाटते.

तिग्रिस-फरातच्या खोऱ्यात मोठे पूर आल्याचे पुरावे आहेत. १९२९ मध्ये उत्खनन करणाऱ्या लेनर्ड वुली यांना ऊर या प्राचीन नगरात तीन मीटरहून जाड गाळाचा थर लागला आणि ‘प्रलय सापडला’ अशी बातमी झाली. पुढे लक्षात आले की इतर शहरांतले पुराचे थर वेगळ्या काळातले आहेत. म्हणून वुलींचा थर उपदेशात पुरावा म्हणून देऊ नका.

११. तारू सापडले, महाकाय माणसांचे सांगाडे सापडले, हे व्हिडिओ खरे आहेत का?

नाहीत. तुर्कस्तानातला तो जहाजाच्या आकाराचा उंचवटा नैसर्गिक रचना आहे. शिवाय ८:४ मध्ये ‘अरारातच्या पर्वतांवर’ असे अनेकवचन आहे. अरारात म्हणजे उरार्तू हा सगळा डोंगराळ प्रदेश, एक शिखर नव्हे. महाकाय सांगाड्याचा प्रसिद्ध फोटो २००२ मधल्या फोटो जुळवण्याच्या स्पर्धेसाठी तयार केलेला आहे. आपल्याकडे तोच फोटो घटोत्कचाची हाडे म्हणूनही फिरला.

मी स्वतः एकदा तारवाचा असा व्हिडिओ क्लासमध्ये दाखवला होता. दोन आठवड्यांनी खरे कळले. पुढच्या रविवारी उभे राहून चूक सांगितली. त्या दिवशी नववीतला एक मुलगा म्हणाला, ‘सर, मग बाकीचे पण तसेच आहे का?’ ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा देवाच्या बाजूने बोलतानाही लागू आहे. फॉरवर्ड करण्याआधी कृपा करून तपासा.

१२. बाबेलोनी कथेत हाच प्रलय आहे. मग बायबलने ती कथा उचलली का?

१८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्मिथ यांनी निनवेहून आणलेल्या मातीच्या पाटीवर हा मजकूर वाचला. साम्य खरोखर जवळचे आहे: नौका, डोंगरावर थांबणे, कबुतर आणि कावळा सोडणे, शेवटी यज्ञ. ते नाकारून उपयोग नाही. अब्राहामाचे घराणे त्याच खोऱ्यातून आले, तेव्हा प्रलयाची आठवण दोघांकडे असणारच.

पण दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. बाबेलोनच्या एका जुन्या कथेत माणसांच्या गोंगाटाने देवाची झोप मोडते म्हणून प्रलय येतो. उत्पत्तीत पृथ्वी हिंसेने भरली म्हणून येतो. तिथे उपाशी देव यज्ञाभोवती माश्यांसारखे जमतात. इथे एकच देव करार करतो. पहिल्या अध्यायातही असेच आहे. सूर्य आणि चंद्र यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत, नुसत्या ‘दोन मोठ्या ज्योती’. ऊर नगरीत चंद्राची पूजा होत होती हे लक्षात घेतले की हे मौन किती धीट आहे ते कळते.

१३. बाबेलचा बुरूज?

११:३ मध्ये दगडांऐवजी विटा आणि चुन्याऐवजी डांबर असे आहे. त्या दगड नसलेल्या मैदानातले बांधकाम असेच होते. उरचा पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा आजही इराकमध्ये उभा आहे. बाबेलोनच्या मनोऱ्याचा पाया उत्खननात मिळाला आहे, पण तोच हा बुरूज असे ठामपणे म्हणता येत नाही.

१४. अब्राहामाचा काही पुरावा आहे का? उंट आणि पलिष्टी यांवरून कथा नंतरची ठरते म्हणतात.

अब्राहामाचे नाव असलेला त्याच्या काळचा शिलालेख नाही. तंबूत राहणारा मेंढपाळ शिलालेख कोरत नाही, त्यामुळे तो मिळेल ही अपेक्षाही चूक. बायबलबाहेर ‘इस्राएल’ हे नाव पहिल्यांदा निश्चितपणे मिळते ते मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिळेवर, सुमारे इ.स.पू. १२०८ मध्ये. पार्श्वभूमी मात्र जुळते. मिसरमधल्या बेनी हसन येथील सुमारे इ.स.पू. १८९० च्या थडग्यात रंगीबेरंगी वस्त्रांतले आशियाई कुटुंब मिसरात येताना रंगवले आहे. योसेफाची किंमत वीस शेकेल, आणि बाबेलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात गुलामाची भरपाईही तितकीच आहे.

आक्षेपही खरे आहेत. पलिष्टी त्या किनाऱ्यावर इ.स.पू. बाराव्या शतकात आले. अराबा खोऱ्यातल्या तांब्याच्या खाणींजवळ पाळीव उंटांची हाडे दहाव्या शतकाच्या शेवटापासून मिळतात, असे २०१४ मध्ये इस्राएली संशोधकांनी दाखवले. १४:१४ मध्ये ‘दान’ हे गाव येते, पण शास्ते १८:२९ प्रमाणे त्या गावाला ते नाव कितीतरी नंतर पडले. ३६:३१ मध्ये तर ‘इस्राएलावर राजा होण्यापूर्वी’ असे शब्द आहेत.

यावरून मी एवढेच घेतो की जुना वृत्तान्त पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या वाचकांना कळेल अशा नावांनी जपला. मलिक अंबरने औरंगाबाद वसवले असे आपण सर्रास म्हणत आलो. त्याने वसवले तेव्हा गावाचे नाव खडकी होते. असे म्हणणारा खोटे बोलत नाही, आणि मलिक अंबरही काल्पनिक ठरत नाही.

१५. सदोम उल्केच्या स्फोटाने नष्ट झाल्याचे सिद्ध झाले ना?

जॉर्डनमधल्या टेल एल-हम्माम या जागेबद्दल २०२१ मध्ये तसा निबंध आला होता. त्यातल्या छायाचित्रांवर आणि पद्धतीवर गंभीर आक्षेप आले आणि २०२५ मध्ये तो नियतकालिकाने मागे घेतला. जुनी बातमी अजून फिरते आहे. प्रश्न ११ मधली विनंती इथेही लागू.

१६. मी संडे स्कूलमध्ये शिकवते. एका मुलाने विचारले, तारवात डायनासोर होते का? काय सांगू?

खरे तेच सांगा, ताई: नव्हते. ते माणसाच्या कितीतरी आधी नाहीसे झाले, आणि त्यांची हाडे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही मिळाली आहेत. देवाने तेही निर्माण केले, पण नोहाच्या गोष्टीत ते नाहीत. एवढ्याने मुलाचे समाधान होते. उगाच पिल्ले किंवा अंडी नेली असतील असे रचून सांगू नका.

मग त्याला तारवाकडे आणा. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, गजरेवाली मोजते तो. मुलांना दोरी द्या आणि चर्चच्या दारापासून तीनशे हात मोजू द्या. आमची मुले फाटकाबाहेर पडली, रस्ता ओलांडून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली, तरी दोनशे चाळीसच झाले होते.